उत्तरांची विश्वासार्हता: चांगली

बाइंडिंगच्या दुकानाचे मालक उगाच कुणाच्या घरी जाणाऱ्यांतले नव्हते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी भर दुपारी ते दारात उभे राहिले, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे ताईला कळलं. पाणी नको म्हणाले, चहा नको म्हणाले, आणि पिशवीतून एक जाडजूड नोंदवही काढून टेबलावर ठेवली. "उघडून बघा," म्हणाले. ताईने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं; वही काही उघडेना. दोरा घट्ट, कोपरे काटकोनात, पुठ्ठ्यावरच्या कापडाला एक सुरकुती नाही. फक्त ती दोन्ही बाजूंनी शिवलेली होती. अशा चाळीस वह्या तिच्या धाकट्या भावाने आठवडाभर खपून बांधल्या होत्या.

असं का केलंस म्हणून मालकांनी विचारलं, तर तो म्हणाला होता, आत जे लिहितात ते दिवसभर मला ऐकू येतं, त्यापेक्षा दोन्हीकडून शिवलेलं बरं. मालक हे सांगताना टेबलाकडे बघत होते. अकरा वर्षांत या पोराने एक टाका वाकडा घातला नाही, म्हणाले. बरा झाला की पाठवा, जागा त्याचीच आहे. मग त्याचा टोच्या, घड्या दाबायची पट्टी आणि शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान वहीशेजारी ओळीने मांडलं आणि चपला घालून निघून गेले. भला माणूस होता. पण भला माणूस घरी सामान आणून देतो तेव्हा त्याचा अर्थ काय, हे कुणी सांगावं लागत नाही.

भावाला घरात टिप्या म्हणत. लहानपणी तो टीपकागदासारखा होता. घरातलं सगळं ऐकून घ्यायचा आणि नेमकं पाहुण्यांसमोर उमटवायचा. आता चौतिसाव्या वर्षी तो आपल्या खोलीत पंखा बंद करून बसायचा, कारण पंखा चालू असला की बोलणं नीट ऐकू येत नाही. कुणाचं बोलणं, ते आपणहून सांगायचा नाही. मध्येच मान डोलवायचा, मध्येच हसायचा, कधी ताट तसंच टाकून उठायचा. या गोष्टीला चार महिने होत आले होते. आईला दोन्ही कानांनी कमी ऐकू येई, ती यंत्र लावायची. त्यामुळे तिचं म्हणणं असं, की मलाच ऐकू येत नसेल, खरंच कुणीतरी बोलत असेल. ताई मात्र एकोणीस वर्षं एका कानाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याची तपासणी करत होती. कुणाला काय ऐकू येतं आणि काय नाही, यावर तिचं पोट चालत होतं. घरात बोलणारं कुणी नाही, हे तिने टिप्याला इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी तिलाच स्वतःच्या आवाजाचा कंटाळा आला.

वही आली त्या दिवसापासून तिने फोन हातात घेतला. सल्ला देणाऱ्यांना तोटा नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? मामा म्हणाले, लग्न करून द्या. मामी म्हणाल्या, लग्न झालेल्यांचंच काय भलं चाललंय, हवापालट करा. मनाच्या डॉक्टरांची तारीख मागितली तर सात आठवड्यांनंतरची मिळाली, तीही मेहेरबानी केल्यासारखी. तारीख पक्की करायला रुग्णाने स्वतः फोनवर बोललं पाहिजे, असं तिथली फोन घेणारी मुलगी म्हणाली. ताई म्हणाली, अहो, त्याला फोनचीच भीती वाटते, म्हणून तर आणायचं आहे. नियम आहे, मुलगी म्हणाली. शेवटी ताईने मोठा श्वास घेतला आणि आवाज जाड करून स्वतःच टिप्या होऊन बोलली. जन्मतारीख विचारली तेव्हा घाईत स्वतःचीच सांगितली, आणि तीच कागदावर चढली.

मदतीचा एक नंबरही सापडला. पलीकडची बाई गोड होती. तो कुणाला मारतो का? नाही. स्वतःला काही करून घेईन म्हणतो का? नाही. मग तारखेपर्यंत धीर धरा, त्याच्याशी शांतपणे बोला, असं काही वाटलं तर लगेच फोन करा. म्हणजे काहीतरी व्हायची वाट बघत बसायचं. ताईने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आधीच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला.

तिसऱ्या आठवड्यात टिप्याच म्हणाला, "ताई, तुझ्याकडे मशीन आहे ना? मग एकदा बघ की. नुसतं नाही, नाही काय म्हणतेस?"

चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे काही मागितलं होतं. माणूस अडचणीत सापडला की आधी आपल्याच धंद्यातलं औषध काढतो. ताई शिंपीण असती तर तिने त्याला टाका घातला असता. तिचा हिशेब सरळ होता. दवाखान्यात तपासणीची पेटी होती: कपाटाएवढी बंद खोली, आतून स्पंज, वीतभर जाडीचं दार, एक काच. दार लावलं की रस्त्यावरचा भोंगासुद्धा आत जात नाही. टिप्याला आत बसवायचं, कानांना हेडफोन लावायचे आणि यंत्रातून काहीच सोडायचं नाही. आवाज बाहेरून येत असेल तर बंद होईल, आणि झाला नाही तर तो आतून येतोय हे त्याचं त्यालाच कळेल. दोन्हीकडून आपलीच बाजू खरी. इतका चोख विचार तिने आयुष्यात दुसरा केला नसेल, आणि इतका चुकीचाही.

डॉक्टर जेवायला गेल्यावर तिने त्याला पेटीत बसवलं. बटण हातात दिलं. बाहेर येऊन खुर्चीवर बसली आणि बोलायची कळ दाबून हेडफोनमधून नेहमीचं वाक्य म्हणाली, "अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं." मग कळ सोडली, दोन्ही कानांत जाणारा आवाज बंद केला आणि काचेतून बघत बसली.

पहिली दहा सेकंदं काही नाही. ताईला वाटलं, जिंकले.

मग तिच्या समोरचा दिवा लागला, म्हणजे त्याने बटण दाबलं होतं. तिने यंत्राकडे पाहिलं. काही जात नव्हतं. दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा लागला. बाहेर निदान पंखा असतो, गाड्या असतात, आईची भांडी असतात. आत काहीच नव्हतं, त्यामुळे जे होतं ते आता सगळी जागा मिळाल्यासारखं बोलत असणार. टिप्या काचेतून सरळ तिच्याकडे बघत होता. घाबरलेला नव्हता. समोरचं माणूस बोलत असताना आपण बघतो तसा बघत होता, आणि मध्ये एकदा त्याने मानही हलवली. शेवटी दिवा लागला तो विझेचना.

ताईचा हिशेब उलटला. पण हातांना कामाची सवय असते. काहीतरी करायला हवं म्हणून तिने खरी तपासणी सुरू केली; बारीक आवाज, त्याहून बारीक, उजवा कान, डावा कान. कागदावर लाल गोल आणि निळ्या फुल्या उमटत गेल्या. कान असे की लाखात एक. बाहेर आल्यावर टिप्या म्हणाला, "छापून दे."

त्या कागदावर तळाशी एक ओळ असते. 'उत्तरांची विश्वासार्हता', आणि पुढे तीन चौकोन: चांगली, मध्यम, असमाधानकारक. खोड्या काढणारी पोरं असतात, आवाज नसताना बटण दाबणारे आजोबा असतात, भरपाईसाठी बहिऱ्याचं सोंग घेणारे असतात. त्यांच्यासाठी ती ओळ. या चौकोनांच्या बाबतीत ताई कुणाच्या बापाला भीत नसे. एकदा एका बड्या साहेबांना तिने तोंडावर 'असमाधानकारक' दिलं होतं आणि डॉक्टरांनी सांगूनही बदललं नव्हतं. पण आज टिप्या खांद्यावरून वाकून बघत होता आणि त्याचा श्वास तिच्या कानाशी लागत होता. खऱ्या तपासणीची उत्तरं त्याने नेमकी दिली होती, तेव्हा खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. तिने 'चांगली'वर खूण केली. सही केली, शिक्का मारला. त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कितीतरी दिवसांनी तिच्याकडे बघून हसला.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. घरी येऊन टिप्याने तो एक कागद बांधला. पुठ्ठा कापला, कापड चढवलं, कोपरे दाबले. एका पानाचं पुस्तक झालं. ते तो उशाशी ठेवायचा. डॉक्टरांकडे जायचा विषय निघाला की पुस्तक उघडून त्या ओळीवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "सही तुझीच ना?" आई यंत्र सारखं करत म्हणायची, "अगं, तूच तर लिहून दिलंस की कान चांगले आहेत म्हणून." आपलेच दात, आपलेच ओठ. तिला वाटे, रागाच्या भरात ते पुस्तक चुलीत घालावं. पण आता तेवढ्या एका वस्तूवर त्याचा हात स्थिर असायचा.

पाचव्या आठवड्यात ती शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत गेली. अशा आजाऱ्यांचे नातेवाईक तिथे महिन्यातून दोनदा जमतात, हे त्या गोड बाईनेच सांगितलं होतं. सहा-सात माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गार चहा. ताईने पेटीची गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता रडली. कुणी च्च् च्च् केलं नाही, एवढंच तिला बरं वाटलं. बायकोला बावीस वर्षं सांभाळणारा एक निवृत्त बसड्रायव्हर होता. तो म्हणाला, "ताई, तुम्ही रोज घरात खटला चालवताय. पुरावे देताय, घेताय. सोडा ते. कागद काढून घेऊ नका. हा कागद डॉक्टरांना दाखवायचाच आहे, चल, असं म्हणा." आणि मग चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, डॉक्टर म्हणजे काही जादूगार नाही. पण एकट्याने वाट बघण्यापेक्षा चौघांनी बघितलेली बरी.

उपाय लागू पडला. तारखेच्या दिवशी टिप्या स्वतः दाढी करून तयार झाला, पुस्तक कागदात गुंडाळून घेतलं आणि सबंध वाट खिडकीकडे तोंड करून बसला. दोन वेळा त्याला परत फिरायचं होतं. दोन्ही वेळा ताईने नुसतं पुस्तकाकडे बोट दाखवलं.

डॉक्टर बाई होत्या, ताईपेक्षा दहा वर्षांनी लहान. ही चिमुरडी काय करणार, असं ताईच्या मनात आलंच. पण बाईंनी घाई केली नाही. जन्मतारखेचा घोळ निघाला तेव्हा हसल्या आणि खोडून नीट लिहिली. एका पानाचं पुस्तक उलगडून गोल पाहिले, फुल्या पाहिल्या, बांधणीवरून बोट फिरवलं. कान माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या पेटीत काय ऐकू आलं तुम्हाला?"

ताई चमकली. इतक्या महिन्यांत तिने त्याला हजारदा सांगितलं होतं की आवाज नाही. आईने विचारलं होतं, आवाज आहे का. कसला आहे, काय म्हणतो, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. आवाज नाहीच म्हटल्यावर विचारायचं कशाला?

"बोलणं," टिप्या म्हणाला.

"कुणाचं?"

त्याने न बघताच ताईकडे बोट केलं. "हिचं."

"मी एकच वाक्य बोलले होते," ताई म्हणाली. बाईंनी तिला हातानेच थांबवलं.

"एक मशीनमधून बोललीस," टिप्या समजूत घातल्यासारखा म्हणाला. "बाकीचं नंतर. तोंड मिटून." मग तो बाईंकडे वळला. "पहिल्यापासून हिचाच आवाज आहे. समोर आली की म्हणते, कुणी बोलत नाहीये. खोलीत गेलो की बोलते. मला वाटलं, तिच्याच मशीनवर गेलो तर कबूल करील. आणि केलं तिने. सही करून दिली. माझं खरं आहे म्हणून लिहून दिलं. मी काही रागावलो नाही हो तिच्यावर. कबूल केलं तेच खूप झालं."

ताईला तो हसला होता तो क्षण आठवला. कागद दोन्ही हातांनी घेतला होता त्याने. तिला वाटलं होतं, कान चांगले निघाले म्हणून हसतोय. बोलावं तरी कुठल्या तोंडाने, आणि कुठल्या आवाजात?

बाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं. पाऊण तास ती बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहिली. मग टिप्याला बाहेर बसवून बाईंनी तिला आत घेतलं. त्याला काय ऐकू येतं ते त्याने सांगितलं आहे, पण ते तुम्हाला सांगू नका म्हणाला, म्हणून मी सांगणार नाही, त्या म्हणाल्या. आज त्याच्या जिवाला धोका दिसत नाही. तसं काही वाटलं तर हा नंबर, कुठल्याही वेळी. गोळी रोज संध्याकाळी आठला. फरक पडायला काही आठवडे लागतील, कधी औषध बदलावंही लागेल. आठवड्यातून एकदा इथल्या समुपदेशकांकडे बसायचं, त्याने वेगळं आणि तुम्ही वेगळं. आणि गोळी तुम्हीच द्यायची. ताईने दिली तरच घेईन म्हणाला, सही तिची आहे म्हणून.

"मी त्याला सांगू का," ताईने विचारलं, "की ते लिहिलं तेव्हा मी घाबरले होते? की त्याचा तो अर्थ नव्हता?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आत्ता काहीही सांगितलंत," त्या म्हणाल्या, "तरी ते तुमच्याच आवाजात सांगाल. थोडं थांबू या. त्याच्याशी बोलताना मागून, दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. समोर या. ओठ दिसू द्या."

ताईला हसू आलं, आणि ते हसू कसंतरीच निघालं. समोर या, ओठ दिसू द्या. एकोणीस वर्षं यंत्र लावून घेणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या नातेवाइकांना ती हेच सांगत आली होती. घरात आईशी ती असंच बोलायची.

त्या दिवसापासून ताईचं घरातलं बोलणं अर्ध्यावर आलं. गुणगुणायची सवय होती, ती सोडली. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायची. आई वैतागून यंत्राची बॅटरी बदलायची, की हल्ली काहीच ऐकू येत नाही. समुपदेशक चांगले होते. वाचनालयातल्या खोलीत बसड्रायव्हर शेजारची खुर्ची राखून ठेवायचा. सगळं होतं, जे जे शोधलं ते ते मिळालं होतं. गोळीच्या नवव्या दिवशी टिप्या दोन घास जास्त जेवला तेव्हा आईने तिला खूण करून दाखवलं.

दहाव्या दिवशी आठला ती त्याच्या दाराशी गेली. एका हातात पाणी, दुसऱ्या तळहातावर गोळी. दार लोटलेलं होतं. पूर्वी ती स्वयंपाकघरातूनच हाक मारायची, टिप्या, ऐकतोस ना? आता हाक मारायची नव्हती. पेला कडीवर वाजवावा की आईला बोलवावं, याचा विचार करत ती उभी राहिली. तोंडातून शब्द काढला नव्हता.

आतून टिप्या म्हणाला, "ताई, आत्ता बोललीस ती तूच ना?"

नाही म्हणावं, तर तो तिचाच आवाज. गप्प राहावं, तर तोंड मिटूनच ती बोलते असं तो म्हणत आला होता. तिने कोपराने दार ढकललं आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. दिवा तोंडावर येईल अशी. टिप्या पलंगाच्या कडेला बसला होता, पुस्तक मांडीवर. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. इतक्या महिन्यांपासूनचा तो आवाज काय म्हणतो हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, अगदी हळू, तिचंच मन दुखू नये म्हणून.

"तू म्हणालीस, आता दारातून येईल ती मी नाही. तिच्या हातचं घेऊ नकोस."

ताईने ओठ मिटलेलेच ठेवले. ते हलत नाहीत हे त्याला दिसावं म्हणून ती जरा वाकली. तो ओठांकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याने मान डोलवली, कुणाचं तरी पटल्यासारखी. पलीकडे आई विचारत होती, घेतली का गं त्याने? ताईच्या तळहाताला घाम सुटला, गोळीचा गुलाबी रंग हाताला लागायला लागला, तरी तिने हात मागे घेतला नाही.